100 मिमीच्या हार्डटेल सायकलवर (फक्त पुढे सस्पेन्शन असलेली) 140 मिमीचा सस्पेन्शन फोर्क चालेल का, आणि तो घरी बसवता येतो का?

बसेल. चालेल का, हा वेगळा प्रश्न. ट्रॅव्हल, म्हणजे फोर्क दबण्याचं अंतर, 20 मिमी वाढवलं की हेड अँगल (फोर्कचा कल) साधारण एक अंशाने कलतो, म्हणजे तुमच्या बाबतीत दोन अंश. चढावर पुढचं चाक भरकटणार, हँडल उंच वाटणार आणि हेडट्यूबवरचा (फ्रेमच्या ज्या पुढच्या पाइपात फोर्क बसतो त्यावरचा) ताण वाढणार तो निराळाच. 120 पर्यंत जा, तेही फ्रेमवाल्याने परवानगी दिली असेल तर. ‘जास्त ट्रॅव्हल म्हणजे जास्त आराम’ असं सांगणाऱ्याला एकदा लांबलचक चढावर घेऊन जा. चांगल्या डॅम्परचा (फोर्कची उसळी आवरणारा भाग) 100 मिमीचा फोर्क हा 140 च्या स्वस्त स्प्रिंगवाल्यापेक्षा कधीही बरा.

खरं तर मी लिहायला बसलो ते ‘घरी बसवता येतो का’ हे वाचून. येतो. मी बसवलाय. चुकलाही, पण चूक माझी नव्हती.

नवा फोर्क आला तेव्हा मेहुणा मदतीला हजर. जुना फोर्क काढला, नवा हेडट्यूबमध्ये सरकवला, वर दोन स्पेसर (कड्या) आणि स्टेम (हँडल धरणारा तुकडा) ठेवून स्टीअररवर, म्हणजे फोर्कच्या वरच्या पाइपवर, खूण करायची एवढंच काम. मी म्हणालो, आधी जुन्या फोर्कवरची क्राउन रेस (पाइपच्या बुडाशी, खालच्या बेअरिंगखाली बसणारी कडी) काढून नव्यावर ठोकू. तर हा म्हणतो, “दाजी, नुसतं मोजायचंच तर आहे. रेस नंतर बसवू.” आणि मी ऐकलं! (बायको तिथेच उभी होती, हेही लक्षात घ्या.) खूण केली, स्टेमच्या काठापासून तीन मिमी खाली धरून कापलं, कानस फिरवली, स्टार नट (पाइपच्या आत बसून टॉप कॅपचा, म्हणजे वरच्या झाकणाचा, बोल्ट धरणारा) ठोकला. मग रेस बसवली आणि फोर्क जवळजवळ चार मिमी खाली उतरला. म्हणजे स्टीअररचं टोक स्टेमच्या काठापासून तीन नाही, सात मिमी खाली. स्टेमच्या वरच्या बोल्टला धड पकडायला पाइपच उरला नाही. टॉप कॅप तेवढी घट्ट झाली, म्हणून मेहुणा खूश. पण टॉप कॅप फक्त हेडसेटमधली (हेडट्यूबच्या बेअरिंगमधली) ढिलाई काढते, फोर्क धरून ठेवतो तो स्टेम. शेवटी पाच मिमीचा एक स्पेसर काढला तेव्हा कुठे जमलं. हँडल खाली गेलं ते गेलंच. त्यावर त्याचं म्हणणं, “आता रेसिंग पोझिशन आली.” माझी कंबर काय म्हणते ते त्याने विचारलेलं नाही.

म्हणून सांगतो, रेस ठोकल्याशिवाय मोजू नका. आणि पहिल्या दिवशी कापूच नका. स्टेमच्या वर दोन-तीन सेंटिमीटर स्पेसर ठेवून पंधरा दिवस चालवा, ध्यान दिसलं तरी चालेल. कापलेला पाइप वाढत नाही, हे मी त्या दिवशीही बोललो होतो.

राहिलं ते, जे विकत घेण्याआधीच बघायचं. तुमच्या फ्रेमची हेडट्यूब आतून सरळ 34 मिमीची असेल तर टेपर्ड (खाली जाड होत जाणारा) स्टीअरर जाणार नाही, 28.6 मिमीचा सरळच लागेल. आणि आजकालचे बरेच फोर्क 15 बाय 110 च्या (15 मिमी जाड, 110 मिमी रुंद) अ‍ॅक्सलचे असतात. तुमचा हब 9 मिमीच्या क्विक रिलीजचा असेल तर चाकाचाही खर्च धरा. बसवून झाल्यावर शॉकपंपने हवा अशी भरा की नुसतं बसल्यावर ट्रॅव्हलच्या साधारण 20 टक्के फोर्क दबेल. स्टीअरर कार्बनचा असेल तर वरचं स्टार नटचं विसरा, त्यात एक्स्पांडर (आत फुलून घट्ट बसणारा प्लग) लागतो.

आणि मेहुण्याच्या नजरेस हे पडलंच तर: तो पाच मिमीचा स्पेसर अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे.