प्रायोजित कोअरवर पीएचडी करणार असाल, तर खोलीच्या आकड्यांचा प्रश्न आधी मिटवा

कार्बोनेट रिझर्व्हॉयरवरील (तेल साठवून धरणाऱ्या चुनखडकासारख्या खडकांवरील) तुमचा प्रबंध पूर्ण होत आला आहे, पण कोअर (विहीर खोदताना काढलेले खडकाचे दंडगोल नमुने) पुरवणारी तेल कंपनी शोधनिबंधाला मंजुरी देत नाही आणि नोकरीच्या अर्जासोबत जोडायला एकही प्रकाशित काम नाही, असे तुम्ही लिहिले आहे. मी याच अडचणीतून गेले आहे, म्हणून सविस्तर लिहिते. डनहॅमचे वर्गीकरण (चुनखडकांचे पोतानुसार प्रकार) वगैरे तुम्हाला ठाऊक असणारच, त्यात शिरत नाही.

माझ्या बाबतीत कंपनीतल्या भूवैज्ञानिकांनी मनापासून मदत केली. अडवणूक झाली ती माहिती-मंजुरी पाहणाऱ्या कार्यालयाकडून. तिथे हस्तलिखित गेले की महिनोन्‌महिने उत्तर येत नसे, आणि विचारणा केली की "फाइल पुढे पाठवली आहे" एवढेच सांगितले जाई. अखेर मंजुरी आली, पण विहिरींची नावे आणि खोलीचे सगळे आकडे वगळण्याच्या अटीवर. विहिरीचे नाव गेल्याने शास्त्राचे काही बिघडत नाही. पण डोलोमाइट (मॅग्नेशियमयुक्त कार्बोनेट) उथळ असताना तयार झाले की खोल गाडले गेल्यावर, हा निबंधाचा मुख्य मुद्दा असेल, तर खोलीबरोबर तापमान वाढत असल्याने, खोलीवाचून समस्थानिकांवरून काढलेले तापमान ताडून पाहायचे कशाशी? या घोळात 2014 च्या उत्तरार्धात तेलाचे भाव कोसळले, संशोधन विभागांतील भरती आटली आणि हातात आलेली संधी गेली. ज्यांच्या सहीवर एखाद्याचे उमेदीचे वर्ष अवलंबून आहे, त्यांनी आक्षेप नेमका कशाला आहे एवढे तरी कळवावे, असे मला आजही तीव्रतेने वाटते.

यावर उपाय आहे. प्रत्यक्ष खोलीऐवजी रिझर्व्हॉयरच्या माथ्यापासून मोजलेली सापेक्ष खोली आणि गाडले जाण्याच्या खोलीचा ढोबळ पल्ला छापू द्यावा, तसेच ठरावीक मुदतीत लेखी आक्षेप न आल्यास मंजुरी गृहीत धरावी, ही कलमे कोअरला हात लावण्यापूर्वीच करारात घालून घ्यावीत. मी कायद्याची जाणकार नाही आणि प्रत्येक करार वेगळा असतो, त्यामुळे मसुदा विद्यापीठाच्या विधी विभागाला जरूर दाखवा.

शिवाय एक प्रकरण तरी सार्वजनिक खडकावर असावे, असे माझे ठाम मत आहे. कॅनडातील कॅलगरीच्या कोअर रिसर्च सेंटरमध्ये अल्बर्टा प्रांतातील विहिरींचे कोअर गोपनीयतेची मुदत संपल्यावर पाहता येतात, आणि 1947 च्या लेडक तेलसाठ्याच्या शोधामुळे गाजलेले, डेव्होनियन या प्राचीन भूवैज्ञानिक कालखंडातले कार्बोनेट तिथे आहेत. उघड्यावरचे खडक हवे असतील, तर अमेरिकेतील ग्वाडालूप पर्वतातील पर्मियन काळातली रीफ (प्राचीन सागरी भित्ती) किंवा ओमानमधील क्रेटेशियस काळातले चुनखडक यांना कोणाची परवानगी अडवत असलीच, तर ती निदान प्रकाशनाची नसते.

नोकरीच्या मुलाखतीत खडक कोणत्या पर्यावरणात साचला, एवढ्या वर्णनावर भागत नाही. छिद्रे उठून दिसावीत म्हणून निळे इपॉक्सी भरलेल्या दोन थिन सेक्शनची (सूक्ष्मदर्शकाखाली पाहायच्या खडकाच्या पातळ चकत्यांची) कल्पना करा. दोन्हींची सच्छिद्रता 20 टक्के. एकात ऊइड (चुन्याचे बारीक गोल कण) विरघळून राहिलेले निळे गोल एकमेकांपासून सुटे आहेत, दुसऱ्यात निळा रंग कणांमधून सलग वाहताना दिसतो. पहिल्याची पार्यता (द्रव वाहू देण्याची क्षमता) एक मिलिडार्सीच्याही खाली असू शकते, दुसऱ्याची शेकड्यांत जाऊ शकते. हा फरक मर्क्युरी इंजेक्शनच्या (दाबाने छिद्रांत पारा भरण्याच्या चाचणीच्या) वक्रावर दाखवता येणारा उमेदवार रिझर्व्हॉयर इंजिनिअरांना जवळचा वाटतो. लुशिया यांचा कार्बोनेटमधील छिद्रांच्या वर्गीकरणावरचा 1995 चा लेख यासाठी बारकाईने वाचा. जाता जाता, कार्बन साठवणुकीकडेही लक्ष ठेवा: कॅनडातील वेबर्न क्षेत्रात 2000 पासून कार्बन डायऑक्साइड जमिनीखाली सोडला गेला, तो कार्बोनेट रिझर्व्हॉयरमध्येच.

सध्या तुम्ही मार्गदर्शकांच्या सहीने त्या कार्यालयाला पत्र पाठवा, त्यात कोणती आकृती आणि कोणता तक्ता अडतो हे क्रमांकानिशी विचारा आणि सापेक्ष खोली वापरलेली प्रत सोबत जोडा. तोवर थिन सेक्शनवर आधारित भाग वेगळा काढता येतो का, ते पाहा. ज्या निबंधात विहिरीचा एकही आकडा नाही, त्यावर हरकत घेणे त्यांनाही जड जाते.