घरी पेशंट असताना डबे पोचवायला जाऊ का?

एप्रिल २०२१ मधला, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेतला हा फोन. पुण्यात तेव्हा बेड, ऑक्सिजन आणि रेमडेसिव्हिरसाठी लोक रात्र रात्र फोन फिरवत होते. सव्वीस-सत्तावीस वर्षांची ही मुलगी एका गटाबरोबर होम आयसोलेशनमधल्या कुटुंबांना स्कूटरवरून डबे पोचवायची. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) तिनं विचारलं, "ताई, काल बाबा पॉझिटिव्ह आले. माझी टेस्ट निगेटिव्ह आहे. डबा दारातच ठेवायचा असतो. मग मी गेले तर चालेल ना?"

त्या दिवसांत हाच प्रश्न अनेकांना पडला होता. त्यातला वैद्यकीय भाग लवकर संपतो. लागण झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत तेव्हा साधारण पाच-सहा दिवस, कधी चौदापर्यंत जायचे, आणि लक्षणं दिसण्याच्या दोनेक दिवस आधीपासून माणूस संसर्ग पसरवू शकतो. आजची निगेटिव्ह टेस्ट परवाची खात्री देत नाही. शिवाय डबा दारात ठेवला तरी तो भरला जातो स्वयंपाकघरात, चार जणांच्या गर्दीत. मी स्पष्टच सांगितलं, जाऊ नकोस.

ती रडवेली झाली. "सगळे जीव धोक्यात घालून फिरतायत आणि मी घरात बसू?"

अपराधीपणा खरा होता, पण मला वाटलं, आणखीही काही आहे. विचारलं, "बाबांच्या खोलीत कोण जातं?" उत्तर यायला वेळ लागला. आई जायची. ताट, औषधं, ऑक्सिमीटर, सगळं आईकडेच. "मला तो ऑक्सिजनचा आकडा बघवत नाही, ताई. ९५ दिसला तरी पोटात गोळा येतो. डबे देताना निदान काहीतरी केल्यासारखं वाटतं."

डबा दिला, यादीतलं नाव खोडलं, पुढचं घर. बाहेरच्या कामाला असा शेवट असतो. घरातल्या दुखण्यात खोडायला काहीच नसतं, नुसती वाट बघायची. म्हणून आपलं माणूस आजारी असताना परक्यांसाठी धावणं सोपं वाटू शकतं. मी याला पळपुटेपणा म्हणणार नाही, घाबरलेलं मन असंच वागतं. पण त्याचा भार कुणावर पडतोय हे बघायलाच हवं. इथे तो आईवर पडत होता: वय पंचावन्न, ब्लडप्रेशरची गोळी चालू, रात्री दोनदा उठून रीडिंग घ्यायची.

मग आम्ही आधी घराचं ठरवलं. त्यांच्या डॉक्टरांना विचारून खोलीत जायचं काम हिनं घेतलं, एन-९५ लावून, खिडक्या उघड्या ठेवून. ९४ च्या खाली गेलं तर कुणाला फोन, गाडी कोण काढणार, नाहीतर १०८, हे एका कागदावर लिहून भिंतीला चिकटवलं. पुढे काय करायचं हे माहीत झाल्यावर तिला आकडा बघता येऊ लागला.

गटाला सांगायला ती कचरत होती. "कारणं देतेय म्हणतील." पण आदल्या दोन दिवसांत तिच्याबरोबर डबे भरणाऱ्यांना हे कळणं हा त्यांचा हक्क होता. तिनं कळवलं, आणि गटानं तिला फोनचं काम दिलं. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारे बेड आणि ऑक्सिजनचे नंबर लावून बघायचे, बंद असतील ते यादीतून काढायचे. माझी अट एकच होती: दुपारी बाबा झोपतात ते दोन तास, आणि तिच्या जागी बसेल असं एक माणूस आधीच ठरवलेलं.

बाबांचे दहा दिवस झाले, शेवटचे तीन दिवस तापही नव्हता. तेव्हा तिनं पुन्हा डब्यांचं विचारलं. मी म्हटलं, "तू रोज त्यांच्या खोलीत होतीस, तुझे दिवस वेगळे मोजायचे." म्हणाली, "मोजतेय, ताई. तोवर फोनवरच आहे."

मे महिन्यात त्या गटात फोनवाल्यांची वेगळी तुकडीच तयार झाली. त्यातल्या बहुतेकांच्या घरी कुणी ना कुणी पॉझिटिव्ह होतं. कुणाची पाळी किती तासांची आणि बदली कोण, हे तीच ठरवत होती.