ग्रामसेवक भावाला कारणे दाखवा नोटीस आली आहे. 'चूक झाली' असं लिहून दिलं तर प्रकरण मिटेल का?

नाही ताई, मिटणार नाही. भावाने तसं लिहून दिलं तर ते हात दाखवून अवलक्षण होईल.

तुमची हकीकत मला समजली ती अशी. भाऊ परभणी जिल्ह्यात ग्रामसेवक आहे. आधीच्या गावातल्या रोजगार हमीच्या एका सिंचन विहिरीबद्दल तक्रार झाली, पथक पाहणी करून गेलं, 'जागेवर विहीर आढळून आली नाही' असा अहवाल गेला आणि सात दिवसांत खुलासा मागणारी नोटीस हातात पडली. ऑफिसातले एक जण म्हणतात, 'अनवधानाने झाले, क्षमा असावी' असं दोन ओळींत दे, वरचं मी बघतो. दुसरे म्हणतात, रक्कम भरून मोकळा हो. आणि तुम्हाला धास्ती आहे की आत्ताच वकील गाठला तर भाऊ दोषी असल्यासारखा दिसेल.

मी छत्रपती संभाजीनगरला वकिली करतो. चौकशीत अडकलेले तलाठी, ग्रामसेवक, शिक्षक, अभियंते आणि अधूनमधून डॉक्टर हेच माझे पक्षकार. लोक माझ्याकडे येतात ते बहुतेक निलंबनाचा किंवा बडतर्फीचा आदेश घेऊन. पण फाईल उघडली की दिसतं, खरं नुकसान त्या पहिल्या खुलाशात होऊन बसलंय. घाबरलेल्या माणसाने ऑफिसातच बसून, दुसऱ्याने सांगितला तसा लिहिलेला अर्धा कागद. उद्या दोषारोपपत्र निघालं की तोच कागद जोडपत्र 3 मध्ये, म्हणजे आरोप शाबित करायच्या कागदपत्रांच्या यादीत, येऊन बसतो. 'वरचं मी बघतो' म्हणणारे साहेब तोवर बदलून गेलेले असतात. कधीकधी तर तेच सरकारी साक्षीदार म्हणून समोर येतात.

आता विहिरीचंच बघा. रोहयोच्या विहिरीचे पैसे एकट्या ग्रामसेवकाच्या सहीने निघत नाहीत. मस्टर, म्हणजे मजुरांचा हजेरीपट, तालुक्याहून ऑनलाइन निघतं, हजेरी रोजगार सेवक भरतो, मोजमाप तांत्रिक सहायक घेऊन मोजमाप पुस्तिकेत लिहितो, आणि त्यानंतर पैसे मजुरांच्या खात्यावर जातात. कामाआधीचे, काम चालू असतानाचे आणि काम संपल्यावरचे फोटो अक्षांश-रेखांशासह चढवलेले असतात. इतक्या हातांतून गेलेल्या कामात नोटीस फक्त ग्रामसेवकाला का आली, हा प्रश्न खुलाशात सभ्य भाषेत यायलाच हवा. दुसऱ्यावर ढकलायला नव्हे. कोणाचं काम कुठे संपतं आणि भावाचं कुठे सुरू होतं हे कागदावर यावं म्हणून.

अशाच एका प्रकरणात पथकाचा पंचनामा आणि विहिरीचा मंजुरी आदेश आम्ही शेजारी ठेवून वाचले. मंजुरी एका गटातली, पाहणी वेगळ्याच गटातली. लाभार्थ्याच्या दोन भावांच्या वाटण्या झाल्या होत्या, फेरफार होऊन सातबारे वेगळे निघाले होते, आणि पथकाला बांधावर घेऊन गेला तो स्वतः तक्रारदार! लाभार्थी त्या दिवशी ऊसतोडीला गेलेला, पंचनाम्यावर त्याची सही नाही. विहीर होती, पाणीही होतं. त्या ग्रामसेवकाने आधी माफीनामा दिला असता तर ही विहीर शोधायला कोण गेलं असतं?

तुमच्या भावाचंही असंच असेल असं मी म्हणत नाही. विहीर खरंच नसेलही. पण ती आहे की नाही हे कागद न बघता, घाबरून कबूल करू नये, एवढंच.

तर सध्या करायचं ते हे. सात दिवस संपायच्या आत खुलाशाऐवजी एक अर्ज द्या: पाहणी अहवाल, पंचनामा, तक्रारीची प्रत, मोजमाप पुस्तिका आणि मस्टर यांच्या प्रती मिळाव्यात, दप्तर पाहू द्यावं, आणि त्यानंतर खुलाशाला मुदत मिळावी. आवक शिक्का मारलेली पोच घ्या. बदली झालेल्या ग्रामसेवकाची अडचण अशी की दप्तर आता नव्या माणसाच्या कपाटात असतं, म्हणून चार्ज देताना केलेली यादी आज शोधून ठेवा. तिच्यात मोजमाप पुस्तिकेचा उल्लेख असेल तर 'दप्तर गहाळ केले' हा पुढचा आरोप तिथेच बोथट होतो. रोहयोच्या संकेतस्थळावर मस्टर आणि मजुरीची नोंद कोणालाही दिसते, ती आजच उतरवून घ्या. आणि भावाला बजावून सांगा, जुन्या गावात जाऊन कोणत्याही रजिस्टरला हात लावायचा नाही, राहिलेली सही करायची नाही, मागची तारीख टाकायची नाही. विहिरीच्या आरोपातून माणूस सुटू शकतो. बनावट नोंदीतून सोडवणं मला तरी फार अवघड जातं.

रक्कम भरण्याबद्दल. न सांगता भरली की ती कबुली समजली जाते, आणि भरली म्हणून शिक्षा टळते असंही नाही. अपहाराच्या आरोपात तर नाहीच. वसुलीचा लेखी आदेश आला आणि भरणं भागच पडलं, तर 'हक्क राखून, आरोप अमान्य करून' असं पत्र जोडून भरा. कोणी 'पन्नास हजारांत मिटवतो' म्हणत असेल तर त्याच्या दारात जाऊ नका. 2018 च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात थेट आरोपी होतो. जबरदस्तीने द्यावी लागली असेल तर सात दिवसांत कळवल्यास संरक्षण आहे, पण आपणहून मिटवायला गेलेल्याला ते कुठून मिळणार?

वकील गाठल्याने कोणी दोषी दिसत नाही, कारण या टप्प्यावर वकील दिसतच नाही. खुलाशावर सही भावाचीच असते. पुढे विभागीय चौकशी लागली तरी साधारणपणे वकिलाला तिथे उभं राहता येत नाही. सादरकर्ता अधिकारी, म्हणजे सरकारची बाजू मांडणारा, स्वतः वकील असेल किंवा खास परवानगी मिळाली तरच. तिथे बचाव सहायक, म्हणजे कर्मचाऱ्याची बाजू मांडणारा मदतनीस, लागतो, आणि एखादे निवृत्त विस्तार अधिकारी माझ्यासारख्यापेक्षा सरस ठरतात. कोणतं रजिस्टर कोणत्या टेबलावर असतं हे त्यांना पाठ असतं. कागद द्यायला टाळाटाळ झाली तर त्यांनी दर तारखेला लेखी हरकत नोंदवावी. उत्तर प्रदेश सरकार विरुद्ध सरोजकुमार सिन्हा या 2010 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने, कागदपत्रं न देता केलेली चौकशी टिकत नाही असं म्हटलंय. पण हरकत रोजनाम्यावर, म्हणजे चौकशीच्या रोजच्या नोंदीत, नसेल तर तो निकाल मी कशाच्या जोरावर वाचू?

ग्रामसेवक जिल्हा परिषदेचा कर्मचारी, त्याला 1964 चे जिल्हा परिषद शिस्त व अपील नियम लागतात. तलाठ्याला 1979 चे महाराष्ट्र नागरी सेवा शिस्त व अपील नियम. हा फरक सांगतोय कारण लोक मॅटमध्ये, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात, धाव घेतात आणि तिथे जिल्हा परिषदेचं प्रकरण चालतच नाही. जिल्हा परिषदेच्या सीईओंनी (मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांनी) शिक्षा केली तर अपील विभागीय आयुक्तांकडे, नंतर उच्च न्यायालयाचं खंडपीठ.

निलंबन झालंच तर पहिले तीन महिने साधारण अर्ध्या पगाराइतका निर्वाह भत्ता मिळतो, पुढे तो वाढवून मागता येतो. दुसरीकडे नोकरी-धंदा करत नसल्याचा दाखला मात्र देत राहायचा. सर्वोच्च न्यायालयाच्या अजयकुमार चौधरी (2015) या निकालानुसार तीन महिन्यांत दोषारोपपत्र दिलं नाही तर निलंबन तसंच पुढे रेटता येत नाही. राज्याने 9 जुलै 2019 ला त्यावर शासन निर्णयही काढला, त्यामुळे नव्वद दिवस कॅलेंडरवर मोजत राहा. गुन्हा दाखल होण्याची चिन्हं दिसली तर एक दिवसही न थांबता सत्र न्यायालयात अटकपूर्व जामिनाचा अर्ज करा. 48 तासांपेक्षा जास्त कोठडी झाली की निलंबन आपोआप झाल्यासारखंच असतं.

एक वाचक माझ्या मागच्या उत्तराखाली विचारत होते, चोरांना वाचवताना लाज वाटत नाही का. माझे काही पक्षकार चोर असतात, हो. त्यांना मी खोटा खुलासा लिहून देत नाही. कमी शिक्षेसाठी भांडतो, आणि फी सगळ्यांइतकीच घेतो. पण मराठवाड्यात अनुदानाचा किंवा रोहयोचा घोळ निघाला की सगळ्यात खालची सही आधी सापडते, आणि सुक्याबरोबर ओलंही जळतं. तुमचा भाऊ सुका की ओला हे मला आज माहीत नाही, आणि खुलासा लिहायच्या आधी त्याने ते निदान माझ्यासारख्याला तरी खरं सांगावं. बहीण समोर असताना माणसं सांगत नाहीत, म्हणून त्याला एकट्यालाच पाठवा.

येताना नोटिशीचं पाकीट आणायला सांगा. नोटिशीवरची तारीख आणि पोस्टाच्या शिक्क्याची तारीख यांत अंतर असेल तर ते मुदतवाढीच्या अर्जात घालता येतं.