आधी कंट्रोल

प्रिय मुली,

रात्री पावणेदोनला पाठवलेला तुझा ब्लॉट, म्हणजे प्रथिन असेल तिथे बँड उमटणारी ती पट्टी, सकाळी चहाच्या वेळी पाहिला. कॅस्पेज-३ शोधायला लावलेल्या चार लेन, चारही कोऱ्या. खाली लिहिलंयस, "मॅडम, तिसरी अँटिबॉडीही फेल गेली. विषय बदलू का?"

पेशी कुठल्या, ते तू लिहिलंच नव्हतंस. विचारल्यावर कळलं, एमसीएफ-७.

अगं, एमसीएफ-७ मध्ये कॅस्पेज-३, मरणाऱ्या पेशीत इतर प्रथिनं तोडणारं ते प्रथिन, नसतं. कमी असतं असं नव्हे, नसतंच. त्याच्या जीनमधला ४७ बेसचा तुकडा गळालेला आहे, त्यामुळे पुढचं सगळं वाचन बिघडतं आणि प्रथिन तयार होत नाही. हे १९९८ साली छापून आलेलं आहे. जे नाहीच त्याचा तुकडा तुला कुठली अँटिबॉडी दाखवणार? तिन्ही अँटिबॉडी खरं बोलत होत्या आणि अडीच महिने तू त्यांना खोटं ठरवत होतीस. की खरं बोलत असाव्यात म्हणू? कारण हेही मला छातीठोकपणे सांगता येत नाही. तुझ्या फोटोत हेलाची, म्हणजे ज्यांत कॅस्पेज-३ असतं अशा पेशींची, लेन कुठे आहे? स्टॉरोस्पोरिन देऊन मारलेल्या हेला पेशींचा लायसेट, म्हणजे फोडलेल्या पेशींचा द्रव, शेजारी असता आणि त्यात १७ आणि १९ किलोडाल्टनला, तुटलेल्या कॅस्पेज-३ च्या तुकड्यांच्या वजनाला, बँड उमटले असते, तर पहिल्याच दिवशी तुला कळलं असतं की अँटिबॉडी चालते आहे आणि तुझी लेन खरोखरच रिकामी आहे. आधी कंट्रोल, म्हणजे उत्तर ठाऊक असलेली तुलना, मग नमुना. हे वाक्य या पत्रात पुन्हा पुन्हा येईल. कंटाळलीस तरी वाच.

तुझ्या मेसेजमधल्या एका ओळीवर मी बराच वेळ थांबले. सिनिअर म्हणाला, दुसऱ्या पेशींचा लायसेट घाल, पेपरपुरता एक बँड हवाय, कोण बघतंय. तू ते लिहून पुढे गेलीस. त्याला काय उत्तर दिलंस ते लिहिलं नाहीस. दिलं नसशील तर आता दे.

रिकाम्या उत्तराची तुला एवढी भीती का वाटते? तू ज्या बीसीएल-२ जीनवर काम करतेस त्याची गोष्टच मुळी एका न घडलेल्या गोष्टीतून सुरू होते. फॉलिक्युलर लिम्फोमा या रक्तपेशींच्या कॅन्सरमध्ये १४ आणि १८ क्रमांकांच्या गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल होतात, तिथे हा जीन सापडला. कॅन्सरचा जीन म्हणजे पेशी भराभर वाढवणारा, असंच तेव्हा सगळे धरून चालत. मेलबर्नच्या वॉल्टर अँड एलिझा हॉल इन्स्टिट्यूटमध्ये पीएचडी करणाऱ्या डेव्हिड वॉ यांनी इंटरल्यूकिन-३ या प्रथिनाच्या पुरवठ्यावर जगणाऱ्या पेशींत तो जीन घातला आणि मग इंटरल्यूकिन काढून घेतलं. पेशी वाढल्या नाहीत. पण मेल्याही नाहीत. शेजारच्या, जीन न घातलेल्या पेशी मात्र मेल्या. १९८८ च्या त्या पेपरमधून कळलं की कॅन्सर फक्त वाढून होत नाही, मरायचं नाकारूनही होतो. त्या शेजारच्या पेशी नसत्या, तर "वाढ झाली नाही" एवढंच हाती उरलं असतं आणि जीन बाजूला पडला असता. २०१६ च्या एप्रिलमध्ये व्हेनेटोक्लॅक्सला अमेरिकेत पहिली मान्यता मिळाली. बीसीएल-२ ला अडवणारं हे औषध. मध्ये अठ्ठावीस वर्षं गेली, आणि त्याच्या आधीच्या नॅव्हिटोक्लॅक्सने प्लेटलेट्स घसरतात हे रुग्णांत दिसलं. प्लेटलेट्स बीसीएल-एक्सएल या बीसीएल-२ च्या भावंडावर जगतात, म्हणून पुढचा रेणू त्याला न धरणारा घडवला. प्लेटलेट्सचे ते नकोसे आकडे कुणी दडवले असते तर?

आता माझं सांगते. हे मी आजवर कुठे लिहिलेलं नाही.

माझा प्रबंध डाळिंबाच्या सालीच्या अर्कावर होता. एमटीटी ही रंगाची चाचणी लावायचे. पिवळा रंग जिवंत पेशी जांभळा करतात, जितकं जांभळं तितक्या पेशी जिवंत. माझ्या प्लेटमध्ये डोस वाढवला की जांभळा रंग उतरायचा, पण एका टप्प्यानंतर उतरायचा थांबायचा. सगळ्यात मोठ्या डोसलाही साधारण एक तृतीयांश रंग उरायचा. मी लिहिलं की या पेशींत मरणाला दाद न देणारा एक गट आहे. त्या गटावर अख्खं प्रकरण लिहिलं, बीसीएल-२ चे ब्लॉट जोडले, बाहेरच्या परीक्षकांनी नेमकं त्याचंच कौतुक केलं. चार वर्षांनी एका ज्युनिअर मुलीने त्याच अर्काची प्लेट लावली आणि एका ओळीत पेशीच घातल्या नाहीत. नुसतं माध्यम, अर्क आणि एमटीटी. ती ओळ जांभळी झाली. सालीतली पॉलिफेनॉल्स एमटीटीला स्वतःच जांभळं करतात, त्याला पेशी लागत नाहीत. माझा तो चिवट गट कधी अस्तित्वातच नव्हता.

९६ विहिरींच्या, म्हणजे खळग्यांच्या, प्लेटमध्ये मला तीन विहिरी पेशींविना सोडता आल्या नाहीत.

त्याहून वाईट पुढचं आहे. मी दुरुस्ती छापली नाही. वरिष्ठ म्हणाले, झालं गेलं, आता कशाला; आणि मला ते ऐकायला बरं वाटलं. त्यानंतर दुसऱ्या गावातल्या एका मुलाने माझा पेपर धरून त्या "गटा"मागे दोन वर्षं घालवली. त्याने पत्र लिहून विचारलं होतं, माझ्याकडे जमत नाही, काय चुकतंय? मी उत्तर दिलं नाही. तुला पावणेदोनच्या मेसेजला सकाळी साडेसातला उत्तर मिळालं, त्याचं कारण हे आहे.

म्हणून पुढे मी अडून बसायला लागले. पेशीविरहित विहीर नाही, सही नाही. पेशीला मारणाऱ्या बॅक्सचे आणि वाचवणाऱ्या बीसीएल-२ चे बँड मोजून नुसतं गुणोत्तर काढलंय, सही नाही. बॅक्स पेशीद्रवात ढीगभर पडून राहील. ते आकार बदलून मायटोकाँड्रियावर जाऊन बसलं का, हे ब्लॉटमधली एकूण मात्रा सांगत नाही. औषधाने पेशी मेली म्हणजे ती तू म्हणतेस त्याच वाटेने मेली असंही नाही. बॅक्स आणि त्याच्या जोडीचं बॅक दोन्ही काढलेल्या पेशी घे. बीसीएल-२ मार्फत मारणाऱ्या रेणूने त्या मरता कामा नयेत. २००६ मध्ये ही चाचणी लावली तेव्हा बीसीएल-२ ला अडवणारे म्हणून गाजलेले बरेच रेणू त्या पेशींनाही खुशाल मारताना दिसले. विषानेही पेशी मरते. आधी कंट्रोल.

माझ्यामुळे पेपर अडले असं लोक म्हणतात. अडले. बढती सहा वर्षं लांबली, तिचं दुःख नाही. एका मुलाची फेलोशिप संपली, तो संशोधन सोडून क्लासमध्ये शिकवायला गेला, त्याची आई मला भेटायला आली होती. तिच्यासमोर मला बोलता आलं नाही. पण त्याचा तो निष्कर्ष कच्चा होता, आणि आज पुन्हा समोर आला तरी मी सही करणार नाही. माझी चूक झाली असेल तर ती एवढीच, की तीन विहिरी सोडायला त्याला पहिल्या वर्षी शिकवलं नाही, तिसऱ्या वर्षी अडवलं.

तुला अजून वेळ आहे. विषय बदलू नकोस. उद्या हेला आणि एमसीएफ-७ एकाच जेलवर शेजारी लाव, औषध दिलेल्या आणि न दिलेल्या, दोन्ही. कॅस्पेज-३ बघ. मग त्याच लायसेटमध्ये पार्प, कॅस्पेज तोडतात ते प्रथिन, बघ. ११६ किलोडाल्टनचा ८९ झाला तर कॅस्पेज-७ काम करतंय, कारण पार्प तेही तोडतं. डीएनएच्या तुकड्यांची शिडी एमसीएफ-७ मध्ये शोधत बसू नकोस, ती कॅस्पेज-३ शिवाय दिसत नाही. कॅस्पेज अडवणारं क्यू-व्हीडी देऊनही पेशी मरत राहिल्या तर लगेच अपॉप्टोसिस (पेशीचं ठरलेल्या वाटेने मरणं) नाही असं लिहू नकोस. मायटोकाँड्रियाला भोकं पडली असतील तर मरण फक्त लांबतं. आणि तुझ्या अर्कात हळद असेल तर फ्लो सायटोमेट्रीआधी, म्हणजे रंगवलेल्या पेशी चमकेवरून मोजण्याआधी, मला फोन कर. कर्क्युमिन स्वतःच हिरवं चमकतं, मरणाऱ्या पेशी दाखवणाऱ्या ॲनेक्सिनचा रंग आणि त्याचा रंग एकमेकांत मिसळतात. अर्क दिलेल्या पण न रंगवलेल्या पेशींची एक नळी हवीच.

गाईडना काय सांगायचं? १९९८ चा पेपर छापून टेबलावर ठेव आणि दोन पेशींचा जेल शेजारी ठेव. आवाज चढवू नकोस. ते रागावतील, मग वाचतील. नाही वाचलं तर मी बोलेन, ते मला ओळखतात.

त्या पेशी कुणाच्या आहेत हे तुला कुणी सांगितलंय का? मिशिगन कॅन्सर फाउंडेशन, त्यावरून एमसीएफ. स्तनाच्या कॅन्सरने आजारी असलेल्या एका कॅथलिक सिस्टरच्या छातीत साठलेल्या पाण्यातून त्या १९७० मध्ये काढल्या. ती त्याच वर्षी गेली. दर तीन दिवसांनी तू ज्यांचं माध्यम बदलतेस त्या तिच्या पेशी आहेत. त्यांच्या लेनमध्ये दुसऱ्या कुणाचा लायसेट घालायचा नाही.

जेल झाला की पूर्ण मेंब्रेनचा, म्हणजे ब्लॉटच्या अख्ख्या पट्टीचा, फोटो पाठव, कडा न कापता, मार्करसकट. कितीही वाजले असले तरी पाठव.

तुझी
मॅडम