आमच्या सामायिक कथाविश्वात दुसऱ्याने माझं पात्र मारून टाकलं. मैत्री न तोडता 'हे चालणार नाही' कसं सांगू?

तुम्ही लिहिलंय की सहा जण मिळून एका काल्पनिक शहराच्या गोष्टी लिहिता, त्यातल्या एकाने तुमचा आंधळा सारंगीवाला तुम्हाला न विचारता मारला, आणि बाकीच्यांना कथा फार आवडली म्हणून तुम्ही गप्प बसलात. असं गप्प मीही बसले आहे. त्याची किंमत काय पडली ते आधी सांगते.

आम्ही ठाण्यातले नऊ जण 2016 पासून असं लिहितो. महिन्यातून एकदा नौपाड्यात कोणाच्या तरी घरी बसतो, पाऊस नसला की तलावपाळीवर. आमचं गाव खाडीकाठी, कळवा आणि ऐरोलीच्या मधे कुठेतरी. काळ 1737 चा, मराठ्यांनी पोर्तुगिजांकडून ठाणं घेतलं ते वर्ष. (ज्या किल्ल्याभोवती आमच्या निम्म्या कथा फिरतात तिथे आज मध्यवर्ती कारागृह आहे.) माझं पात्र यमू, मिठागरात राबणारी आगरी विधवा. तिच्या तोंडची बोली माझ्या आजीची आहे, तिचं चालणंही आजीचंच.

आमच्यातल्या एकाने लिहिलं की यमूने चार पैशांसाठी गावातल्या माणसांची नावं फिरंग्यांना कळवली. कथा उत्तम होती, आणि म्हणूनच पंचाईत झाली. ग्रुपवर सगळ्यांनी वाहवा केली, मीही 'छान' लिहिलं. पुढचे दोन महिने मला एक ओळ सुचली नाही. मग एका बैठकीत भरती-ओहोटीच्या वेळेवरून मी त्याच्यावर इतकी ओरडले की त्याला कळेचना काय झालं. कळणार कसं? मी त्याला 'छान' म्हटलं होतं.

तेव्हा आमच्यातल्या एक वयाने मोठ्या बाई म्हणाल्या, "आपण कोण जात्यावर बसलोय आणि कोण पोथी राखतोय, हे ठरवलंच नाही." ते मला लागलं. जात्यावरच्या ओव्यांना मालक नसतो, दळायला बसेल ती आपली ओवी घालते. दुसरीकडे, ज्ञानेश्वरीत पाठभेद फार शिरले म्हणून एकनाथांनी शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, ती शुद्ध केली आणि बजावून ठेवलं की यात जो स्वतःची ओवी घालील त्याने अमृताच्या ताटात नरोटी (करवंटी) ठेवली असं समजा. दोन्ही रीती आपल्याच आहेत. आमच्या मित्राला वाटत होतं सगळे जात्यावर बसलेत. मी मात्र यमूची पोथी राखत होते, तेही मनातल्या मनात.

म्हणून मी सांगेन, 'हे पात्र माझं, हात लावू नका' असं म्हणू नका. तसं म्हटलं की एकत्र लिहिण्याला काही अर्थच उरत नाही. मिठागराला बांध असतो तशी बांधात उघाडीही असते, भरतीचं पाणी आत घेतल्याशिवाय मीठ धरत नाही. तुम्ही एवढंच ठरवा की मागे फिरवता न येणारी गोष्ट कोणती. मरण, लग्न, मूल, फितुरी, धर्म बदलणं, अपंग होणं. हे ज्याचं पात्र त्याला विचारूनच व्हावं. बाकी भांडण, उधारी, प्रेमात पडणं, खोटं बोलणं कोणीही लिहावं, आणि तिथे तुम्हाला आवडलं नाही तरी चालवून घ्यावं. हे दुसरं जास्त जड जातं. माझी यमू कोणाच्या तरी कथेत कंजूष झाली आहे, मला ते पटत नाही, पण मी तिला तशीच राहू दिली.

आणि गावाची मालमत्ता वेगळी. खाडीला सुमारे 12 तास 25 मिनिटांनी पुन्हा भरती येते, ते कथेच्या सोयीसाठी कोणीही बदलायचं नाही, मीसुद्धा.

सांगायचं कसं? ग्रुपवर नको, वैयक्तिक मेसेज करा किंवा भेटा, आणि लवकर. मी शेवटी मित्राला जे पाठवलं ते साधारण असं होतं: "कथा खूप चांगली आहे, पण यमू फितूर होणार नाही. ती तुझ्या कथेत येऊ दे, भांडू दे, चोरीही करू दे. फितुरीसाठी दुसरी बाई हवी असेल तर ती उभी करायला मी मदत करते." आजीचं कारण मी त्यात लिहिलं नाही. कारण दिलं की लोक त्या कारणाशी वाद घालतात आणि मूळ गोष्ट बाजूला राहते. त्याला आधी वाईट वाटलं, आठवडाभर तो बोलला नाही. मग त्याने नवी बाई लिहिली, कोळीण, आणि तिला स्वतःची कारणं द्यावी लागल्यामुळे कथा आधीपेक्षा कितीतरी खोल गेली.

विषयांचीही मर्यादा असते, ती पात्राच्या मर्यादेहून वेगळी. आमच्यात एक जण पहिल्याच वर्षी म्हणाली, "लहान मुलाचा मृत्यू असेल तर मला आधी सांगा, मी ती कथा वाचणार नाही." तिला आजवर कोणी का ते विचारलेलं नाही. हे मला आमच्या गटातलं सगळ्यात चांगलं वाटतं.

कायद्याचं थोडक्यात. कॉपीराइट कायदा 1957 च्या कलम 57 प्रमाणे, तुमच्या लिखाणाची अशी मोडतोड झाली की तुमच्या प्रतिष्ठेला बाधा येते, तर हरकत घेण्याचा हक्क तुम्हाला असतो. पण मित्रांमध्ये तिथवर जाऊ नये. त्याऐवजी गट सोडणाऱ्याने काय न्यायचं आणि काय मागे ठेवायचं, हे आत्ताच, सगळे खुशीत असताना लिहून ठेवा. आणि तुमचं लिखाण क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली (आपलं लिखाण इतरांना वापरू देणारा खुला परवाना) असेल तर एकदा दिलेली परवानगी मागे घेता येत नाही, हे लक्षात घ्या. एससीपी फाउंडेशन या इंटरनेटवरच्या सामायिक कथाविश्वाचं लिखाण तशा परवान्याखाली आहे, आणि तिथे एकच अधिकृत कथाक्रम मानत नाहीत. तुमचा गट तसा असेल, तर 'माझ्या कथांमध्ये तो जिवंत आहे' एवढंच तुम्हाला म्हणता येईल, आणि ते पुरेसं आहे.

आता तुमचा सारंगीवाला. ती कथा काढून टाकायला सांगू नका, तिच्यात लिहिणाऱ्याचे कष्ट आहेत. प्रेत कोणी ओळखलं होतं का, ते कथेत बघा. ओळखलं नसेल तर तुमच्या पुढच्या गोष्टीत पुलाखालून सारंगी ऐकू येऊ द्या. ओळखलं असेल तर लिहिणाऱ्या मित्राला फोन करून विचारा, ओळखणारा माणूस चुकला असं दोघांनी मिळून लिहायचं का. आमच्याकडे अशाच एका फोनवरून दोघांची मिळून लिहिलेली पहिली कथा झाली.