अष्टमकर आडनाव कुठून आलं आणि हे लोक गेले कुठे

तुम्ही विचारलंय की सासूबाईंचं माहेरचं आडनाव अष्टमकर, दुसरा अष्टमकर कधी भेटलाच नाही, घरातले काही जण म्हणतात मूळपुरुष गोकुळअष्टमीला जन्मला म्हणून हे नाव पडलं, आणि कुणीतरी आता सांगितलंय की हे ज्यू लोकांचं आडनाव आहे, मग ते आपल्यात कसं आलं. मी बरीच वर्षं कुलाबा म्हणजे आताच्या रायगड जिल्ह्यातल्या आडनावांच्या मागे आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

तिथीचा विषय पहिल्यांदा बाजूला ठेवा. अष्टमी हे गाव आहे. रायगड जिल्ह्यात रोहा माहितीच असेल, कोकण रेल्वे जिथून सुरू होते ते. कुंडलिका नदीच्या एका काठाला रोहा आणि समोरच्या काठाला अष्टमी. दोन्ही मिळून एकच नगरपालिका आहे आणि तिचं नावसुद्धा रोहा अष्टमी नगरपरिषद असंच आहे. बाहेरच्या माणसाला फक्त रोहा ऐकून माहीत असतं, म्हणून अष्टमकर म्हटलं की त्याला तिथीच आठवते, आणि मग जन्माष्टमीची, दुर्गाष्टमीची गोष्ट जोडली जाते. अशा गोष्टी घरोघरी असतात, सांगणाऱ्यांचा हेतू वाईट नसतो, पण कर लावलेलं कोकणातलं आडनाव असेल तर आधी गाव शोधायचं, बाकी सगळं नंतर.

आता अष्टमीचं अष्टमीकर न होता अष्टमकर का झालं असं वाटेल, तर ते अगदी नेहमीचं आहे. गावाच्या शेवटची ई गळते. मंगेशीचे मंगेशकर, तसंच अलिबागजवळच्या पेझारीचे पेझारकर. आणि गावाच्या शेवटी आ असेल तर त्याचा ए होतो, रोह्याचे रोहेकर, वेंगुर्ल्याचे वेंगुर्लेकर. म्हणजे नदीच्या या काठाचे रोहेकर आणि त्या काठाचे अष्टमकर, सख्खे शेजारी.

पण मग दुसरे अष्टमकर भेटत का नाहीत, हा तुमचा खरा प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. गावात राहणाऱ्याला गावाच्या नावाने कुणी हाक मारत नाही हो. अष्टमीत सगळेच अष्टमीचे, तिथे कुणाला अष्टमकर म्हणून काय कळणार? तिथे माणूस ओळखला जातो बापाच्या नावाने, धंद्याने, वतनाने, आळीने. अष्टमकर तो होतो गाव सोडल्यावर, मुंबईला उतरल्यावर, पलटणीत भरती झाल्यावर, शाळेत मास्तरांनी पोराचं पूर्ण नाव विचारल्यावर. म्हणून अशी आडनावं त्यांच्या मूळ गावात सहसा कमी आणि बाहेर जास्त सापडतात, आणि लोक नेमकं उलटं करतात, गावात जाऊन मतदारयादी चाळतात, तिथे अष्टमकर दिसला नाही की म्हणतात गाव चुकलं. गाव चुकलेलं नसतं, आडनावच गावाबाहेर तयार झालेलं असतं. आणि ज्या गावातून थोडीच घरं बाहेर पडली त्याचं आडनाव दुर्मिळ राहणार हे उघड आहे.

जुने कागद बघितलेत तर हे स्पष्ट दिसतं. शिवकाळापासून अगदी इंग्रजी अमलातल्या खतांपर्यंत माणसाचं नाव 'अमुक बिन तमुक, राहणार मौजे अमुक' असं येतं. बिन म्हणजे मुलगा. आडनाव असलं तर असतं, बऱ्याचदा नसतंच. त्या 'राहणार मौजे'चंच पुढे शहरातल्या हजेरीपटावर कर झालं असं समजा.

आता ज्यू असण्याचा भाग. तुम्हाला ज्याने सांगितलं त्याने हवेत सांगितलेलं नाही. अष्टमकर हे बेने इस्रायल लोकांतलं जुनं आडनाव आहे. बेने इस्रायल म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू. त्यांची परंपरा अशी की पूर्वज गलबत फुटून अलिबागच्या उत्तरेला नवगावच्या किनाऱ्याला लागले, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, बाकीच्यांना तिथेच पुरलं. नवगावला ती दफनभूमी आणि स्मारक आहे. पुढे हे लोक अलिबाग, पेण, रोहा, मुरुड या पट्ट्यात गावोगाव पसरले, तेलाचे घाणे चालवायला लागले, आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून त्यांना शनवार तेली म्हणायचे. सोमवारी बंद ठेवणारे हिंदू तेली ते सोमवार तेली. त्यामुळे एका गावात एकदोन घरं, शेजारच्या गावात एकदोन घरं, अशी त्यांची वस्ती विरळ होती, आणि जेवढी गावं तेवढी आडनावं झाली, शंभराहून जास्त. किहीमचे केहिमकर, चौलचे चेऊलकर, झिराडचे झिराडकर, पेणचे पेणकर, नवगावचे नवगावकर. त्यांचा इतिहास लिहिणारे हाईम सॅम्युएल केहिमकर हे या किहीमचेच.

अठराव्या शतकाच्या मध्यापासून हे लोक मुंबईला जायला लागले, पलटणीत, गोदीत, सुतारकामात, गवंडीकामात. समाजी हसाजी दिवेकर नावाच्या कंपनी सरकारच्या फौजेतल्या अधिकाऱ्याने 1796 साली मुंबईतलं पहिलं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, बांधलं, मशीद बंदर स्टेशनचं नाव त्याच्यावरून पडलं असं मानतात. या नावाकडे नीट बघा, समाजी म्हणजे सॅम्युएल, हसाजी म्हणजे एझेकिएल, आणि वर दिवेकर. ते नाव कुठल्याही मराठा सरदाराच्या यादीत खपून जाईल. तसंच इसाजी म्हणजे आयझॅक, मुसाजी म्हणजे मोझेस. म्हणून नुसत्या नावावरून धर्म ठरवायला जाऊ नका, दोन्ही बाजूंनी चुकाल.

यांच्यातली कर आडनावं आणखी दुर्मिळ का झाली त्याचं एक वेगळं कारण आहे. इंग्रजी शिक्षण आणि सरकारी नोकरी आली तशी कित्येक घरांनी गावाचं आडनाव टाकून वडिलांचं किंवा आजोबांचं नाव आडनाव म्हणून लावायला सुरुवात केली, सॅम्युएल, एझेकिएल, बेंजामिन, मोझेस. वरळीचा डॉ. ई. मोझेस रोड सगळ्यांना माहीत आहे, ते इलायजा मोझेस बेने इस्रायल होते आणि 1937 मध्ये मुंबईचे महापौर झाले, पण पाटीवर नुसतं मोझेस असल्यामुळे हा माणूस कोकणचा आहे हे कुणाच्या लक्षातही येत नाही. हिंदी सिनेमातले डेव्हिड आठवतात ना, त्यांचं पूर्ण नाव डेव्हिड अब्राहम चेऊलकर, पण पडद्यावर फक्त डेव्हिड. अशा रीतीने माणसं राहिली पण आडनाव कागदावरून गेलं. अष्टमकरांतलेही काही जण असेच एखाद्या जोसेफ किंवा डॅनियलच्या मागे असणार.

उरलेली वाटणी स्थलांतराने केली. मुंबईत डोंगरी, उमरखाडी, माझगाव, भायखळा, मग ठाणे, पुणे, अहमदाबाद, आणि फाळणीआधी कराचीसुद्धा. कराचीतलं सिनेगॉग 1893 साली बांधणारे उमरदेकर, म्हणजे कोकणातल्या गावाचं कर आडनाव पार सिंधमध्ये. 1948 नंतर मोठ्या संख्येने लोक इस्रायलला गेले. तिथे लग्नाच्या बाबतीत यांना पूर्ण ज्यू मानायचं की नाही यावरून मोठा वाद झाला, लोकांनी आंदोलनं केली आणि 1964 मध्ये तिथल्या सरकारने मान्यता दिली. भारतात पन्नासच्या सुमाराला जे 20 हजारांच्या आसपास होते ते आता चार-पाच हजार उरलेत. म्हणून आज बेने इस्रायल अष्टमकर शोधायचे तर अश्दोद, दिमोना, बीरशेबा, लोद, रामला अशा शहरांत मिळण्याची शक्यता मुंबईपेक्षा जास्त, रोह्यात तर फारच कमी. तिथे शोधताना एक अडचण येते, हिब्रू लिपीत स्वर बहुतेक लिहीतच नाहीत, त्यामुळे तिथून इंग्रजीत येताना अष्टमकरचं अश्तमकर, अष्टमेकर काहीही होतं. भारतातसुद्धा जुन्या इंग्रजी कागदांत शेवटी कर ऐवजी केर असं स्पेलिंग सर्रास असतं, तेही टाकून बघा.

यावरून सासूबाईंचं माहेर मुळात ज्यू होतं असं मात्र अजिबात ठरत नाही. कर आडनाव गाव सांगतं, जात नाही आणि धर्मही नाही. दिवेकर चित्पावनांत आहेत आणि बेने इस्रायलांतही आहेत, दांडेकरांचंही तेच, आणि राजापूरकर म्हटलं तर हिंदूही निघेल, कोकणी मुसलमानही निघेल. अष्टमीतून जो कुणी बाहेर पडला तो अष्टमकर, मग तो सोनार असो, कोळी असो, ब्राह्मण असो की शनवार तेली. तुमच्या घरात ज्यू म्हटल्यावर कुणी चपापलं असेल तर तसं वाटून घेण्यासारखं काहीच नाही, आणि कुणाला एकदम कौतुक वाटून वंशावळ हिब्रूत लिहायची घाई झाली असेल तर तीही थांबवा. आडनावाच्या अर्थाच्या ज्या साईट्स आहेत त्यांच्यावर तर विसंबूच नका, तिथे कर म्हणजे करणारा धरून काहीच्या काही अर्थ दिलेले असतात.

ठरवायचं कसं ते सांगतो. सासूबाईंना किंवा त्यांच्या भावंडांना आधी कुलदैवत आणि ग्रामदैवत विचारा. रोह्याचं ग्रामदैवत धावीर महाराज, त्यांच्या पालखीला पोलीस सशस्त्र सलामी देतात, रोह्याकडच्या माणसाला ते सांगावं लागत नाही. माहेरच्या घरात धावीर महाराजांचं नाव घेतात का, नारळ ठेवतात का, एवढं कळलं तरी गावाची खात्री अर्धी झाली. मग नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यांच्या वह्या. त्यांच्याकडे घराण्यांच्या नोंदी गाव आणि आडनाव धरून असतात, आणि तिथे गेलेल्या पूर्वजाने स्वतः सांगितलेली नावं असतात, त्यामुळे आडनाव बदलण्याआधीचं काही असेल तर तिथे सापडतं.

सरकारी कागदांत सगळ्यात कामाचं म्हणजे कोतवाल बुक, गाव नमुना 14, जन्ममृत्यूची जुनी नोंदवही. तहसीलच्या अभिलेख कक्षात मिळते. पानं तपकिरी झालेली, कडा मोडणाऱ्या, शाई मागच्या बाजूला फुटलेली, आणि मजकूर मोडी लिपीत. एका ओळीत तारीख, बापाचं नाव, जात, राहण्याचं ठिकाण, जन्म की मृत्यू आणि मृत्यू असेल तर कारण, ताप किंवा पटकी असं. आडनावाचा रकाना वेगळा नसतो, म्हणून अष्टमकर शोधत बसलात तर पान पान उलटून हाताला काही लागणार नाही. पणजोबांचं आणि त्यांच्या वडिलांचं नाव घेऊन जा आणि ती जोडी शोधा. जातीचा रकाना तिथे आहे, तुमचा प्रश्न एका ओळीत सुटतो. मोडीत ह्रस्व-दीर्घ पाळत नाहीत आणि कारकून ष-स ची सरमिसळ करायचे, तर 'अस्टमी' दिसलं तरी ते तुमचंच गाव. मोडी वाचणारं माणूस सोबत न्या, फोटो काढून आणून घरी वाचू म्हणाल तर अर्धी अक्षरं फोटोत उठत नाहीत.

दुसरं, पणजोबा जिथे शिकले त्या शाळेचं जनरल रजिस्टर. अष्टमकर हे आडनाव पहिल्यांदा लिहिलं गेलं ते बहुधा इथेच. त्यात जन्मगावसुद्धा असतं. आणि जमीन असेल तर सातबारा नको, तो फार अलीकडचा झालाय, जुने फेरफार मागा, वारस लागताना तीन पिढ्यांची नावं एका नोंदीत येतात.

शोधताना जिल्हा रायगड म्हणून विचारू नका, 1981 पर्यंत तो कुलाबा होता आणि जुनी सगळी दफ्तरं कुलाबा नावाने लावलेली आहेत. 1840 पर्यंत अलिबागकडचा मुलूख आंग्र्यांचा होता, खाली मुरुड, म्हसळा, श्रीवर्धन जंजिऱ्याच्या सिद्दीकडे 1948 पर्यंत, म्हणून शेजारशेजारच्या गावांचे कागद वेगवेगळ्या ठिकाणी निघतात. घराण्याची एखादी शाखा मुरुडला गेली असेल तर ती कुलाब्याच्या दफ्तरात सापडणार नाही.

आणि कोतवाल बुकात खरंच शनवार तेली किंवा इस्रायल असं निघालंच, तर पुढचा रस्ता दफनभूमीतून जातो. अलिबाग, रेवदंडा, पेण भागातल्या जुन्या थडग्यांवर वर हिब्रूच्या ओळी आणि खाली स्वच्छ देवनागरीत मराठी मजकूर असतो, नाव, वडिलांचं नाव, आणि शेवटी आडनाव. रजिस्टरात गाळलेलं कर आडनाव दगडावर मात्र बऱ्याचदा ठेवलेलं दिसतं. काळ्या दगडावरची अक्षरं शेवाळाने भरलेली असतात, पाण्याने ओली करून सकाळच्या तिरप्या उन्हात वाचायची, खडू किंवा ब्रश लावायचा नाही, दगडाचे पापुद्रे निघतात.

आधी सासूबाईंकडून आजोबा-पणजोबांची नावं आणि कुलदैवत घ्या आणि कळवा. बिन कोणाचा हे कळलं की कोतवाल बुकाची कुठली वर्षं मागायची ते सांगता येईल.