सोनं खरं, पण होन?

नमस्कार ताई,

तुमची २ लाख ८० हजारांची मुदत ठेव पुढच्या महिन्यात पूर्ण होतेय. ओळखीतले एक गृहस्थ तेवढ्याच रकमेत २५ राणीछाप (व्हिक्टोरिया राणीचे चांदीचे) रुपये, १९३९चा एक रुपया आणि एक शिवकालीन होन, म्हणजे सोन्याचं नाणं, द्यायला तयार आहेत. चार वर्षांत दुप्पट होतील, असं ते म्हणतात. होनाबरोबर सराफाची चिठ्ठीही आहे. आणि हे पैसे नातीच्या इंजिनिअरिंगच्या प्रवेशासाठी ठेवलेले.

होन घेऊ नका. १९३९चा रुपयाही नको. राणीछाप हवेच असतील तर तोलून, चांदीच्या भावाने घ्या, पण या ठेवीला हात लावू नका.

चिठ्ठीत सोनं शुद्ध असल्याचं लिहिलंय, ते खरंही असेल. पण कसोटीच्या दगडाला सोनं कळतं, साल कळत नाही. बनावट होन पाडणाऱ्याला अस्सल सोनं वापरायला काहीच अडचण नसते. तीन ग्रॅमच्या आतबाहेरचा तुकडा, एका अंगाला 'श्री राजा शिव', दुसऱ्या अंगाला 'छत्रपति'. सोन्याची किंमत वजा केली की उरलेले सगळे पैसे तुम्ही त्या अक्षरांसाठी मोजणार, आणि ती अक्षरं कधीची हे ना तुम्हाला सांगता येईल, ना त्या सराफाला. महाराजांचं नाव पाहून आपले हात आपोआप जोडले जातात. त्या श्रद्धेवरच किंमत लावली जाते, याचं मला फार वाईट वाटतं.

'वाड्याच्या पायात सापडला' असं ते सांगत असतील तर आणखी जपा. १८७८च्या कायद्याने जमिनीत सापडलेलं दहा रुपयांवरचं धन जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. शंभर वर्षांवरचं नाणं पुरावस्तू ठरतं, ते विकण्याचा व्यवसाय करायला परवाना लागतो. परवाना आणि पक्की पावती मागा. पुढे विकताना तुम्हालाही हेच विचारलं जाईल.

१९३९चा चांदीचा रुपया दुर्मिळ आहे, म्हणूनच त्याच्या खोट्या प्रती निघतात आणि दुसऱ्या नाण्यांवरचे आकडेही फिरवले जातात. भिंगाखाली शेवटच्या ९ भोवती खरवडल्यासारखं दिसलं तर नाणं बाजूला ठेवा. दिसलं नाही, म्हणून ते खरं ठरत नाही.

राणीछापाचं मात्र घरी बरंच कळतं. वजन ११.६६ ग्रॅम, झिजलेलं असेल तर थोडं कमी. व्हिक्टोरियाच्या नावापुढे १८७६पर्यंत 'क्वीन', १८७७पासून 'एम्प्रेस'. १८८५च्या रुपयावर 'क्वीन' दिसली की परत करा. साच्यात ओतलेल्या बनावट नाण्याच्या कडेला सांधा दिसतो, अक्षरांच्या कडा बोथट असतात, पृष्ठभागावर बारीक खड्डे. सराफाकडचा असतो तसा शंभरांश ग्रॅम दाखवणारा काटा मिळाला तर त्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्य करा. नाणं दोऱ्याने पूर्ण बुडवा, पण तळाला टेकू देऊ नका. पूर्ण वजनाचं नाणं असेल तर काटा १.१३च्या आसपास दाखवेल. पितळेचं असेल तर १.३५च्या पुढे जाईल. अर्थात लक्ष्मीपूजनासाठी नव्याने पाडलेले चांदीचे राणीछापही या परीक्षेत पास होतात. म्हणून तर चांदीपुरतेच पैसे द्यायचे. एका रुपयात १०.७ ग्रॅम चांदी, २५ रुपयांत साधारण २६७ ग्रॅम. त्या दिवशीच्या भावाने गुणा, त्यापेक्षा फार पुढे जाऊ नका.

नाणी विकायला निघालात की घेणारा घट धरतो, आणि गिऱ्हाईक मिळायला महिने जातात. कॉलेज फीसाठी थांबत नाही. उद्या कुणी ऑनलाइन गिऱ्हाईक रिझर्व्ह बँकेच्या नावाने कमिशन किंवा कर आधी भरायला सांगेल, तर एक रुपयाही देऊ नका. असे पैसे आपण घेत नाही, हे बँकेने २०२१मध्ये जाहीर केलंय.

ठेवीची मुदत संपण्याआधीच बँकेत जाऊन नव्या मुदतीचा अर्ज द्या. प्रवेशाच्या सहा महिने आधी संपेल अशी मुदत घ्या आणि नातीचं नाव नामनिर्देशनात आहे का, तेही काउंटरवर बघून घ्या.